सोबत दुःखाचा पुरावा जोडावा

इंग्रजी साहित्यात पदव्युत्तर शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या माणसाने प्रथम दुःखी असलं पाहिजे, हे आता सर्वत्र मान्य झालं आहे. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी बी.ए.ला बरे मार्क असले, दाखल्यावर कॉलेजचा शिक्का असला आणि प्रवेशाच्या खिडकीमागच्या क्लार्कचं जेवण झालेलं असलं, की प्रवेश मिळत असे. त्या ढिलाईमुळे कितीतरी आनंदी माणसं इंग्रजीत एम.ए. होऊन गेली आणि त्यांनी पुढे साहित्याचं काय केलं ते आपण पाहतोच आहोत (बहुतेकांनी विम्याची एजन्सी घेतली). हा प्रकार थांबवण्यासाठी मोठ्या विद्यापीठांनी 'उद्देशपत्र' नावाचा कागद मागायला सुरुवात केली. साहित्य का शिकायचं आहे, ते अर्जदाराने त्यात लिहायचं असतं. 'वाचायला आवडतं' हे उत्तर चालत नाही. आणि ते योग्यच आहे. वाचायला आवडतं म्हणून आलेला माणूस उद्या वर्गात वाचत बसायचा.

डहाणू रोड स्टेशनच्या पूर्वेला, चिकूच्या एका व्यापाऱ्याच्या वखारीवरच्या खोलीत मी 'अंकुर प्रवेश मार्गदर्शन केंद्र' चालवतो. खाली चिकूंची प्रतवारी होते, वर विद्यार्थ्यांची. खालच्या कामाला डोळा लागतो असं म्हणतात. वरच्या कामाला अंतःकरण लागतं. चिकू नुसता दाबून कळतो, पण विद्यार्थ्याला कुठे दाबलं म्हणजे दुःख बाहेर येईल, हे अनुभवानेच समजतं.

२०१४ साली ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा बाकीचे लोक नवी कलेक्टर कचेरी कुठे होणार याची चर्चा करत होते. मी मात्र त्याच दिवशी ओळखलं की आपल्या मुलांचं नशीब उघडलं. जिल्हा ठाणे लिहिलं की प्रवेश समितीच्या डोळ्यांपुढे मॉल येतो. जिल्हा पालघर लिहिलं की काहीच येत नाही, आणि त्या मोकळ्या जागेत आपल्याला हवं ते भरता येतं. त्यातून तालुका तलासरी असला तर सोन्याहून पिवळं. किनाऱ्यावरच्या मुलांना मात्र हा लाभ नाही. नरपड म्हटलं, की समितीतल्या कोणीतरी तिथे बंगला घेऊन दोन दिवस राहून चिकूची भजी खाल्लेली असतात.

यशस्वी अर्जांचा आमच्या केंद्राने कसून अभ्यास केला आहे. शंभरातल्या ब्याण्णव उद्देशपत्रांत कंदील असतो. अठ्ठ्याऐंशींत आजी असते. त्यातल्या ऐंशी वारलेल्या (उरलेल्या आठांना दिसत नाही). नदी सत्तर पत्रांत आढळते. नदी नसेल तर ओढा चालतो, पण मग तो दोनदा ओलांडावा. हसण्याचा उल्लेख एकाही यशस्वी अर्जात सापडलेला नाही.

नरपडच्या तुषारचंच घ्या. वडिलांच्या दोन बोटी, चिकूची वाडी, शिवाय मुंबईच्या पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या चार खोल्या. एवढ्या संकटातूनही मी त्याला 'समुद्राने पोरका केलेला' करून दाखवला आणि परदेशातल्या विद्यापीठात बसवला. त्याच्या उद्देशपत्रात आजी तिसऱ्या परिच्छेदात वारली होती. मी ते त्याला वाचून दाखवत असताना बाजाराला आलेली आजीच त्याला घरी न्यायला जिना चढून वर आली. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"मंग माझा बारावा तरी बेस केला का रं?" एवढंच तिने विचारलं.

रुचिका माझ्याकडे आली ती २०१८च्या जानेवारीत. तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरची, डहाणूच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. वडील देवजी उंबरगावला कारखान्यात कायम नोकरीला, आई रखमी घरची भातशेती बघते. तिला दक्षिणेतल्या एका मोठ्या विद्यापीठात जायचं होतं. कारण तिथे विनोदी साहित्य शिकवणारे एक जुने प्राध्यापक होते आणि ते दोन वर्षांत निवृत्त होणार होते. देशात तो विषय असा शिकवणारं दुसरं कोणी तिला सापडलं नव्हतं. म्हणजे या वर्षी प्रवेश मिळाला तर मिळाला. नाही तर बी.एड. करायचं, असं घरात ठरलं होतं.

उद्देशपत्र ती स्वतःच लिहून घेऊन आली होती. त्यात असं होतं, की दुसऱ्या वर्षाला तिने एक जुनी इंग्रजी कादंबरी वाचली. तिच्यात दोन घरांतली माणसं तीस पानं एकाच काळजीत असतात: आधी कोणी कोणाकडे जायचं, आणि गेल्यावर कोणत्या खुर्चीवर बसायचं. सगळा वर्ग पेंगत होता आणि रुचिका इतकी हसली की सरांनी तिला बाहेर काढलं. तिच्या पाड्यावर मुलगी बघायला पाहुणे आले की दोन तास पावसावर आणि बैलांवर बोलतात. लग्नाचा विषय जो आधी काढेल तो हरला. हे सगळं गोऱ्या लोकांना कोणी शिकवलं, असा तिचा प्रश्न होता. चेहरा सरळ ठेवून कसं हसवतात, ते तिला शिकायचं होतं.

पत्र अगदी स्वतंत्र बुद्धीचं होतं. त्यामुळे ते निरुपयोगी होतं.

"यात कंदील कुठे आहे?" मी विचारलं.

"सर, आमच्याकडे लाइट आहे."

"जाते ना पण?"

"जाते. मग मोबाइलची टॉर्च लावतो."

"आजी?"

"आहे. मालिका बघते. लाइट गेली की सगळ्यांत जास्त तीच चिडते."

"नदी तरी?"

"नदी आहे ना, सर. वरून पूल आहे."

"पूल कधीचा?"

"माझ्या जन्माच्या आधीचा."

मी पेन खाली ठेवलं. वीस वर्षांच्या मुलीच्या वाट्याला शासनाने इतकं यावं, याचं मला मनापासून वाईट वाटलं. मी तिला समजावलं. पूल थोडा वाहून नेऊ, असंही सुचवलं. ती म्हणाली, पुलावरून रोज बस जाते, ड्रायव्हर काकांना काय वाटेल? आणि स्वतःचंच पत्र तिने तसंच्या तसं पाठवून दिलं.

आता शिफारसपत्रं. ती दोन लागतात. एक शिकवणाऱ्याचं आणि एक लहानपणापासून ओळखणाऱ्याचं. आमच्या भागात इंग्रजीचे प्राध्यापक तासिका तत्त्वावर असतात, म्हणजे तास संपला की तत्त्वही संपतं. ज्या सरांनी तिला वर्गाबाहेर काढलं होतं ते आता वापीला क्लास चालवत होते. तरी त्यांनी पत्र दिलं आणि 'मी शिकवलेल्या विद्यार्थ्यांतल्या वरच्या एक टक्क्यात' असं लिहिलं. सरांच्या वर्गात अकरा विद्यार्थी होते, म्हणजे हिशेबाने रुचिकाचा एक हातच काय तो त्या टक्क्यात बसतो. पण अशा पत्रांची भाषा ठरलेली असते. त्या विद्यापीठाकडे दर वर्षी चार हजार अर्ज येतात आणि चारही हजार अर्जदार वरच्या एक टक्क्यात असतात.

दुसरं पत्र बुधीबाईंचं. त्या रुचिकाच्या पाड्यावरच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. आता आशागडला राहतात, आणि देवजीच्या लांबच्या नात्यातल्याही आहेत. रुचिकाला अ आ इ त्यांनीच शिकवलं. पत्र कोणत्याही भारतीय भाषेत चालेल, असं विद्यापीठाने मोठ्या मनाने कळवलं होतं. बुधीबाईंनी ते मराठीत लिहिलं, पाकीट बंद केलं आणि स्वतः पोस्टात टाकलं.

इथे पाड्यावरची एक रीत सांगायला हवी. आपल्या पोराचं कौतुक परक्यापुढे करायचं नसतं. एक तर दृष्ट लागते, आणि दुसरं म्हणजे ते वाईट दिसतं. मुलगी बघायला पाहुणे आले की घरचे सांगतात, "पोशीला काय येत नाय, नुसती खाते न् हसते." पाहुणे समाधानाने मान हलवतात, कारण मुलगी हिरा आहे हे त्यांना कळलेलं असतं. घरच्यांनी चुकून स्तुती केली तर पाहुण्यांना शंका येते आणि ते पाण्याचा पेला तसाच ठेवून उठतात. बुधीबाईंनी विद्यापीठाला अशाच मोठ्या घरचे पाहुणे मानलं. आणि लाडक्या विद्यार्थिनीसाठी जेवढं म्हणून जीव ओतून लिहिता येईल तेवढं लिहिलं:

'सदर मुलगी माझ्याकडे चार वर्षं होती. साधारण आहे. नको तिथे हसते. सांगितलेलं ऐकत नाही, उलट का म्हणून विचारते. कळवण्यासारखं विशेष काही नाही. आपल्याकडे थोरामोठ्यांची मुलं येत असतील, त्यांत हिचा काय पाड. तरी आलीच तर एका कोपऱ्यात बसवून घ्यावी.'

पाड्यावर हे पत्र वाचलं गेलं असतं तर पाहुण्यांनी तिथेच तारीख काढली असती.

विद्यापीठाने मुलाखतीला बोलावलं. समितीत तिघं होती: अध्यक्षबाई आणि दोन प्राध्यापक. (विनोद शिकवणारे प्राध्यापक नव्हते, अशा माणसाला समितीवर घेत नाहीत.) अध्यक्षबाईंनी रुचिकाला आधी पाणी दिलं. मग खालच्या आवाजात विचारलं, "तुझ्याबद्दल काय लिहिलंय, ते तुला ठाऊक आहे का?" आणि बुधीबाईंचं पत्र तिच्यापुढे सरकवलं.

रुचिकाने ते वाचलं आणि तिचा चेहरा फुलला. बुधीबाईंनी आयुष्यात कोणाबद्दल इतकं चांगलं लिहिलं नव्हतं. ती आनंदाने हसली. समितीने एकमेकांकडे पाहिलं आणि कागदावर नोंद केली: 'दुःख नाकारण्याची अवस्था.'

मग तिने पाहुणे, बैल आणि खुर्च्या यांच्याबद्दल दहा मिनिटं उत्तम इंग्रजीत सांगितलं. समितीतलं कोणी हसलं नाही. त्यांना तिच्या समाजाने तिच्यावर लादलेल्या मौनाबद्दल ऐकायचं होतं, आणि तिच्या अखंड बोलण्यामुळे तो विषय निघायला जागाच मिळेना. शेवटी एका प्राध्यापकांनी तिला हात करून थांबवलं आणि मौनाबद्दल विचारलं.

"आमच्याकडे कोणी गप्पच बसत नाही, सर," ती म्हणाली.

तीही नोंद झाली.

निकाल आला. रुचिका प्रतीक्षायादीत पहिली. खाली शेरा होता: 'उमेदवाराकडे मोठी वेदना आहे, परंतु ती उद्देशपत्रात उतरलेली नाही. आठवड्याच्या आत अधिक प्रांजळ उद्देशपत्र पाठवल्यास फेरविचार करता येईल.'

त्या दिवशी ती वखारीचा जिना धाडधाड चढून आली. देवजीही बरोबर होता.

"सर, पोशीचा काय झाला ते मना नीट सांगा," देवजी म्हणाला. "नापास केली का?"

"नापास नाही. थोडं दुःख कमी पडलं."

"कोणाचा?"

"हिचं."

देवजीने मुलीकडे नीट पाहिलं. आपण बाप म्हणून कुठे कमी पडलो, ते त्याला समजेना.

"मग काय रडून दाखवू?" रुचिका म्हणाली. मी तिला एवढी चिडलेली कधी पाहिली नव्हती. "खरं लिहिलं ते त्यांना खोटं वाटतं. बुधीबाईंनी एवढं छान लिहिलं त्याची त्यांना कीव येते. मी काय करायचं, सर?"

मी माझा तयार मसुदा क्रमांक चार तिच्यापुढे ठेवला. तिने तो वाचला, परत दिला आणि माझ्याच कॉम्प्युटरवर बसली. एका बैठकीत तिने नवं पत्र लिहिलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मला फार बरं वाटलं. दुःखाला अशी एकाग्रता लागते. तिच्या इंग्रजी पत्रातला काही भाग मराठीत देतो:

'मी जन्मले तेव्हा अंधार होता. तो अजून आहे. शाळा नदीपलीकडे होती आणि नदीला बारा महिने पूर असे. पुस्तकं डोक्यावर बांधून मी पोहत शाळेत जाई. येताना पुस्तकं मला डोक्यावर बांधून आणत. घरात एकच कंदील होता आणि तोही आंधळा होता. माझ्या तीन आज्या वारल्या. चौथी वारण्याच्या बेतात होती, पण मला क्रियापदं शिकवायची राहिली म्हणून थांबली. आम्ही वर्षातून एकदाच जेवत असू आणि त्या दिवशी नेमका उपास येई. माझ्या समाजाने मला गप्प बसवलं, आणि तेही इतक्या मोठमोठ्याने, की शेजारच्या पाड्यावरची माणसं विचारायला आली.'

मसुदा क्रमांक चारपेक्षाही ते सरस होतं, हे मी मोकळेपणाने मान्य केलं. आज्या दोनच कराव्यात, एवढी एक दुरुस्ती मी सुचवली. तिने ती मानली नाही.

आठवडा संपायच्या आत अध्यक्षबाईंचा केंद्रावरच फोन आला. रुचिका समोर बसली होती, म्हणून मी स्पीकर लावला. प्रवेश पक्का झाला होता, शिष्यवृत्तीसह. बाईंनी पत्र समितीपुढे मोठ्याने वाचलं होतं. एक प्राध्यापक कंदिलाला रडले, दुसरे उपासाला उठून बाहेर गेले. मुद्दाम ते विनोदाच्या प्राध्यापकांनाही दाखवण्यात आलं. चाळीस वर्षांत इतकं काळंकुट्ट गद्य आपण वाचलं नाही, असं त्यांचं मत पडलं. निवृत्तीपूर्वी रुचिकाला 'मौन' या विषयावर स्वतः मार्गदर्शन करायची त्यांची इच्छा होती.

फोन बंद झाला. खाली चिकूच्या पेट्यांना खिळे ठोकण्याचा आवाज येत होता.

"सर, त्यांच्यातलं कोणीच हसलं नाही?" रुचिकाने विचारलं.

"कोणीही नाही," मी अभिमानाने सांगितलं.

"ते विनोदवाले सरसुद्धा?"

"ते तर मुळीच नाही."

तिने मान खाली घातली. मग ओढणीने डोळे पुसले. मी तिचं अभिनंदन केलं. आनंदाश्रू बरेच पाहिले आहेत, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. देवजीने मात्र नंतर मला वेगळंच सांगितलं. पोर घरी जाऊन जेवली नाही, म्हणाला. ज्यांना हसवायला एवढं लिहिलं ते रडले, आणि ज्यांच्याकडून शिकायचं तेच सगळ्यांत जास्त फसले, याचं तिला फार लागलं होतं.

दुसऱ्या दिवशीही ती जेवेना, तेव्हा रखमीने तिला अंगणात ओढून आणलं आणि म्हणाली, "काय लिवलास ता आमाला तरी वाच." शेजारीपाजारी जमले. आशागडहून बुधीबाई आल्या होत्या. मीही हजर होतो, कारण अशा प्रसंगी केंद्राचा बॅनर लावता येतो. रुचिकाने पत्र घरच्या बोलीत सांगायला सुरुवात केली. अंधारालाच लोक खुसखुसायला लागले. पुस्तकं तिला डोक्यावर बांधून आणतात तिथे सुकऱ्या नावाचा शेजारी बसल्या जागी आडवा झाला. रखमीला ठसका लागला. आजीने, "चवथी मीच का गो?" असं विचारलं आणि मग पाच-सात मिनिटं पुढचं वाक्य कोणाला ऐकूच आलं नाही. अंगणातल्या माणसांनी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसून घेतलं. रुचिकाही शेवटी पोट धरून खाली बसली. बुधीबाई तेवढ्या गंभीर होत्या.

"काही खास नाही," त्या म्हणाल्या. "ठीक लिहिलंय."

रुचिका त्यांच्या पाया पडली, आणि मग पोटभर जेवली.

मी कोणाला दोष देत नाही. साहित्य कसं वाचावं याचं शिक्षण पाड्यावर झालेलं नाही. ते झालेलं असतं तर ही माणसं हसली नसती.

रुचिका जुलैत गेली. जाताना म्हणाली, दोन वर्षांत त्या विभागातल्या एकाला तरी हसवून येईन. मध्यंतरी तिचा फोन आला होता. आतापर्यंत मेसमध्ये वाढणारी बाई हसली आहे. विभागात प्रयत्न चालू आहेत. मौनावरचा तिचा निबंध वर्गात पहिला आला. तो सादर करताना ती वेळ संपल्यावरही बोलत होती आणि कोणाच्या काही लक्षात आलं नाही.

दरम्यान माझ्या कामाचीही दखल घेतली गेली. अर्ज फार वाढल्यामुळे विद्यापीठाला समितीवर बाहेरचे वाचक नेमायचे आहेत, आणि मराठी मुलुखातली नावं सुचवायला अध्यक्षबाईंनी मला सांगितलं आहे. पदवीची अट नाही. अनुभवही लागत नाही. रुचिकाला प्रवेश मिळाला हे वाचून ज्यांच्या मनात 'चला, बिचारीचं भलं झालं' असं आलं असेल, त्यांनी आपलं नाव केंद्राकडे कळवावं. 'बिचारी' हा शब्द मी तिच्यासाठी वर कुठेही वापरलेला नाही. तो तुम्ही घरूनच आणलात, आणि समितीला अगदी अशीच माणसं हवी आहेत.